उरलेला पत्रा, शिकणारे हात

फ्रिजच्या दारावरचा चुंबक काढा आणि स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या भांड्यांना लावून बघा. एका डब्याला तो घट्ट बसेल, दुसऱ्यावरून सरळ घसरेल. एखादे खोल पातेले तर कोड्यातच टाकेल. त्याच्या सपाट तळाला चुंबक दाद देणार नाही, पण तळ आणि भिंत मिळतात त्या वळणाशी नेला की हलकेच ओढला जाईल. भांडे एक, पत्रा एक, मग चुंबक दोन जागी दोन तऱ्हेने का वागतो?

हे कोडे भाईंदरकरांच्या रोजच्या कामातले आहे. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टेनलेस स्टीलचा पत्रा लाटणारे, भांडी दाबून काढणारे, त्यांना पॉलिश करणारे कितीतरी छोटे-मोठे कारखाने आहेत. तिथे रोज कटपीस, पट्ट्या, पाइपांचे तुकडे उरतात आणि बहुतेक सारे भंगारवाल्याच्या काट्यावर जातात. त्यातले थोडेसे शाळेच्या, आयटीआयच्या किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये गेले, तर मुलांचे किती शिकणे होईल! पण असे पोते वर्कशॉपच्या दारात रिकामे झाले की पहिला प्रश्न हमखास चुकीचा विचारला जातो: ‘याचे करायचे काय?’ खरा पहिला प्रश्न आहे, ‘हे आहे काय?’ धातू ओळखता आला की त्याचे काय करायचे, हे अर्धेअधिक तोच सांगतो.

उरते कसे?

बहुतेक भांड्यांचा जन्म गोल चकतीतून होतो. कारखान्यात तिला सर्कल म्हणतात. पत्र्यातून सर्कल कापायचे, प्रेसखाली धरून त्याला खोलगट आकार द्यायचा, काठ वळवायचा, पॉलिश करायचे. घरी लाटलेल्या मोठ्या पोळीतून वाटीने पुऱ्या पाडतो तसेच हे. वाटी कितीही जवळजवळ ठेवली तरी मधे कणकेची जाळी उरतेच.

ही जाळी किती उरणार, हे भूमितीने ठरवून टाकले आहे. सर्कल एकाखाली एक, सरळ ओळींत कापली तर पत्र्याचा 78.5 टक्के भागच कामी येतो. एका ओळीतली सर्कल शेजारच्या ओळीतल्या दोन सर्कलांच्या खाचेत बसवली, तर हे प्रमाण जास्तीत जास्त 90.7 टक्क्यांपर्यंत जाते. त्यापुढे कोणालाही जाता येत नाही. प्रत्यक्षात दोन सर्कलांच्या मध्ये थोडी जागा सोडावी लागते, म्हणून उरणारा पत्रा याहूनही जास्त असतो. म्हणजे उरलेला पत्रा हा कोणाच्या निष्काळजीपणाचा पुरावा नव्हे. गोल वस्तू बनवायची तर तो उरणारच.

कणकेची जाळी गोळा करून पुन्हा मळता येते. स्टीलला मात्र पुन्हा मळायचे तर 1,400 अंश सेल्सिअसच्या पुढे तापवून वितळवावे लागते, मग ओतायचे, मग लाटायचे. प्रत्येक पायरीवर वीज आणि इंधन जळते. धातू आहे त्या आकारातच वापरला तर हा सारा खर्च वाचतो. याचे एक जुने उदाहरण भाईंदरच्या खाडीपलीकडेच घडले. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या. त्या वितळवून दुसरे काही करता आले असते. पण नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला त्या घंटा म्हणूनच टांगल्या गेल्या. ज्या मिश्रधातूत नाद आहे, त्याचा नादच वापरला गेला. वर्कशॉपमध्येही हेच सूत्र धरावे: तुकड्याचा आकार आणि गुण जितके राखता येतील तितके राखा.

ओळख पटवण्याच्या पाच पायऱ्या

महागड्या यंत्राशिवाय, आठवीतल्या मुलालाही जमतील अशा या कसोट्या आहेत. एकेका कसोटीवर निकाल देऊ नये. पाचही मिळून बोलतात.

पहिली कसोटी डोळ्यांची. कोपरा कानशीने घासा आणि आतला रंग बघा. लालसर तांबे, पिवळे पितळ, पांढुरके आणि हाताला हलके ते अॅल्युमिनियम. वरचा मुलामा फसवतो, म्हणून घासणे आवश्यक.

दुसरी चुंबकाची. साधे लोखंड, पोलाद आणि बीड यांना चुंबक जोरात चिकटतो. तांबे, पितळ, अॅल्युमिनियम यांना चिकटत नाही. स्टेनलेसचा मामला गुंतागुंतीचा आहे, तो पुढे बघू.

तिसरी पाण्याची. तुकडा ग्रॅममध्ये तोला. मग तो मापाच्या भांड्यातल्या पाण्यात बुडवा आणि पाणी किती मिलिलिटर वर चढले ते बघा. वजनाला त्या आकड्याने भागा. समजा तुकडा 156 ग्रॅमचा आहे आणि पाणी 20 मिलिलिटरने चढले, तर उत्तर 7.8, म्हणजे लोखंड किंवा स्टील. अॅल्युमिनियमचे उत्तर 2.7 च्या आसपास येते, जस्ताचे 7.1, पितळाचे साधारण 8.5, तांब्याचे जवळपास 9. घनतेची व्याख्या वहीत शंभरदा लिहून जे पोचत नाही, ते इथे एका भागाकारात पोचते.

चौथी ठिणग्यांची. ही शिक्षकांनी करून दाखवावी आणि सर्वांनी चष्मे लावून बघावी. ग्राइंडरच्या चाकाला तुकडा टेकवला की साध्या पोलादातून लांब, पिवळसर रेघा निघतात आणि त्यांना थोडेच फाटे फुटतात. जुन्या कानशीसारख्या जास्त कार्बनच्या पोलादातून फुलबाजीसारखे फाटेच फाटे फुटतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर असतात. तांबे, पितळ, अॅल्युमिनियम यांतून ठिणगी निघतच नाही. ठिणगी म्हणजे हवेत जळणारा लोखंडाचा कण, आणि त्यातला कार्बन जळताना ती फुटते. म्हणून फाटे मोजणे म्हणजे अंदाजे कार्बन मोजणे.

पाचवी कानशीची. कानस सहज चावते की घसरते? चावली तर धातू मऊ आहे, कापता, वाकवता, भोक पाडता येईल. घसरली तर तो कडक केलेला पोलाद आहे. त्याच्यावर ड्रिलचे पाते वाया घालवू नका.

चुंबकाचे कोडे सुटते

स्टेनलेस स्टील म्हणजे एकच धातू नव्हे, एक मोठे कुटुंब आहे. लोखंडात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळले की त्याला गंजाविरुद्ध बळ येते, ही त्या कुटुंबाची समान खूण. बाकी भाऊबंद वेगवेगळे.

भांड्यांतला नावाजलेला प्रकार 304. त्यात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. लोखंडाचे अणू थंड असताना एका ठरावीक रचनेत बसतात आणि त्या रचनेत चुंबक चिकटतो. निकेल त्यांना दुसऱ्या रचनेत बसवून ठेवते, आणि तिच्यात चुंबक चिकटत नाही. 430 या प्रकारात निकेल जवळजवळ नसते. तिथे अणू पहिल्याच रचनेत असतात, म्हणून 430 ला चुंबक घट्ट बसतो. तरीही तेही अस्सल स्टेनलेस स्टीलच आहे. इंडक्शन शेगडीवर चालणाऱ्या भांड्यांच्या तळाला तर मुद्दाम चुंबकाला धरणारे स्टील लावतात. तेव्हा ‘चुंबक चिकटला म्हणजे स्टील खोटे’ हा समज चुकीचा आहे.

उलटा समजही तितकाच चुकीचा. 200 मालिकेच्या स्टीलमध्ये महाग निकेल कमी करून मँगॅनीज आणि नायट्रोजन घालतात. त्यालाही चुंबक चिकटत नाही, पण गंज रोखण्यात ते 304 च्या मागे पडते. म्हणजे चुंबक चिकटला नाही एवढ्यावरून 304 सिद्ध होत नाही.

आता पातेल्याच्या वळणाकडे या. प्रेसखाली पत्रा सर्वांत जास्त ताणला जातो तो तळ आणि भिंतीच्या वळणावर. त्या ताणात निकेलने बसवलेली रचना काही ठिकाणी मोडते आणि अणू चुंबकाला धरणाऱ्या रचनेत सरकतात. सपाट तळाला तसा ताण बसत नाही, म्हणून तिथे चुंबक घसरतो. मुलांनी 304 ची एक पट्टी घेऊन तिचे एक टोक हातोडीने चांगले ठोकावे आणि ठोकण्याआधी व नंतर चुंबक लावून बघावा. ठोकलेले टोक चुंबकाला ओढू लागते आणि कानशीलाही अधिक कडक लागते. धातू थंड असताना ठोकल्याने कडक होतो, ही गोष्ट पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर पिढ्यान् पिढ्या वापरत आले आहेत. तांब्याच्या हंड्यावर दिसणारे ते ठोक्यांचे नक्षीदार ठसे, म्हणजे मठारकाम, शोभेबरोबर बळही देते.

पाबळमधून शिकण्यासारखे

उरलेल्या साहित्यातून शाळा कशी उभी राहते, याचा महाराष्ट्रातला भक्कम दाखला पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा. 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून ते या कोरडवाहू गावात आले. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन या चारही विभागांत मुलांनी हाताने काम करायचे आणि त्या कामातून विज्ञान, गणित शिकायचे, ही त्यांची पद्धत. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावाने ती पुढे राज्यातल्या अनेक शाळांत गेली. मुले गावकऱ्यांची खरी कामे घेतात: कुणाचे फाटक, कुणाचा कठडा, कुणाची दुरुस्ती. काम खरे असले की माप चुकवून चालत नाही. याच आश्रमात जीपच्या जुन्या भागांपासून ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर घडला आणि 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी एक इथे सुरू झाली.

पाबळची आणखी एक ओळख म्हणजे तिथले घुमट. लोखंडी अँगलचे त्रिकोण जोडून ते उभे राहतात. चार पट्ट्या चार बोल्टनी जोडून चौकोन करा आणि एका कोपऱ्याला ढकला. चौकोन तिरका होऊन पडतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण ढकला. तो हलत नाही, कारण पट्टीची लांबी बदलल्याशिवाय त्याचा कोन बदलूच शकत नाही. त्रिकोणांनी बनलेला घुमट म्हणूनच कमी धातूत मजबूत होतो.

कटपीसवाल्या वर्कशॉपसाठी यातली मोलाची गोष्ट अशी की घुमटाला लांब पाइप लागतच नाहीत. 1 मीटर त्रिज्येच्या साध्या अर्धगोल घुमटाला फक्त दोन मापांचे 65 तुकडे पुरतात: 30 तुकडे 54.7 सेंटिमीटरचे आणि 35 तुकडे 61.8 सेंटिमीटरचे. ही मापे एका बोल्टच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतची. रेलिंग बनवणाऱ्याकडे दोन-सव्वादोन फुटांचे पाइप टाकाऊच ठरतात. त्यांची टोके चेपून, भोक पाडून, बोल्टने जोडली की शाळेच्या बागेत कारल्याचा किंवा दुधीचा वेल चढवायला मांडव तयार. सर्कल कापून उरलेली जाळी काठ घासून त्यावर लावता येते. जाड जाळी खत चाळायलाही चालते.

पाइपातून सप्तक

धातूच्या तुकड्यांतून मुलांना सर्वांत जास्त आनंद देणारे काम कदाचित हेच. एकाच व्यासाचे आणि जाडीचे, पण वेगवेगळ्या लांबीचे पाइपाचे तुकडे घ्या, त्यांना टांगा आणि लाकडी काठीने मधोमध वाजवा. प्रत्येकाचा स्वर वेगळा, कारण लांबी वेगळी.

इथे गंमत आहे. बासरीतली हवा किंवा तंबोऱ्याची तार निम्मी केली की वरचा सा मिळतो. पाइप मात्र वाकून कंप पावतो, आणि वाकणाऱ्या वस्तूचा स्वर लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलतो. लांबी निम्मी केली तर कंपने दुप्पट नव्हे, चौपट होतात. म्हणून वरच्या सा साठी लांबी निम्मी न करता 0.707 पट करायची. सा साठी 40 सेंटिमीटरचा पाइप धरला, तर शुद्ध स्वरांचे सप्तक असे बसते:

सा 40 सेंमी
रे 37.7 सेंमी
ग 35.8 सेंमी
म 34.6 सेंमी
प 32.7 सेंमी
ध 31 सेंमी
नि 29.2 सेंमी
वरचा सा 28.3 सेंमी

पाइप टांगायचे कुठे, यालाही शास्त्र आहे. टोके आणि मध्य सर्वांत जास्त हलतात. त्यांच्या दरम्यान दोन जागा अशा आहेत जिथे पाइप जवळजवळ स्थिर असतो. त्या प्रत्येक टोकापासून लांबीच्या 22.4 टक्के अंतरावर येतात. 40 सेंटिमीटरच्या पाइपात टोकापासून 9 सेंटिमीटरवर. तिथे दोरा बांधला तर स्वर लांबवर घुमतो, दुसरीकडे बांधला तर दोराच कंप गिळून टाकतो. पाइपावर चिमूटभर मीठ टाकून तो मऊ फोमवर ठेवा आणि मध्यावर हलके ठोका. मीठ आपोआप याच दोन जागी सरकून गोळा होते.

कापताना तुकडा दोन-तीन मिलिमीटर लांबच ठेवावा. मग पेटीवर स्वर लावून टोक कानशीने थोडे थोडे घासत स्वर वर न्यावा. जास्त घासला तर परत येता येत नाही. फिटरच्या कामातली सारी शिस्त या एका वाक्यात आहे.

खाऱ्या वाऱ्याची प्रयोगशाळा

मीरा-भाईंदरला उत्तनचा समुद्र, वसईची खाडी आणि मिठागरे, अशा तिन्ही बाजूंनी मीठ वाऱ्यावर येते. गंज शिकायला याहून चांगली जागा कुठली?

साधे लोखंड, जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, अॅल्युमिनियम, पितळ, 430 आणि 304 यांच्या सारख्या मापाच्या पट्ट्या कापा. प्रत्येकीवर क्रमांक ठोका, वजन करा आणि शाळेच्या गच्चीवर प्लास्टिकच्या खिळ्यांनी फळीला लावा. दर महिन्याला धुऊन, वाळवून पुन्हा वजन करा. पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा आलेख मुलांनी स्वतः काढावा.

स्टेनलेसचे रक्षण करतो तो क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर. ओरखडा गेला तरी हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा तयार होतो. मिठातले क्लोराइड मात्र या थराला बारीक भोके पाडते, म्हणून किनाऱ्यावर 304 लाही तपकिरी ठिपके येतात. तिथे दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असलेले 316 अधिक टिकते. याच फळीवर एक जोडपट्टी ठेवा: पितळेच्या पट्टीत साधा लोखंडी बोल्ट. दोन वेगळे धातू आणि खारट ओल एकत्र आले की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यातला अधिक क्रियाशील धातू लवकर झिजतो. बोटींच्या पोलादी भागांना जस्ताचे ठोकळे लावतात ते याच कारणाने. जस्त झिजते आणि पोलाद वाचते.

जिथे दानाचा धातू चालत नाही

सर्जनशीलतेला मर्यादाही हवी. ज्या वस्तूच्या तुटण्याने कोणाचा जीव धोक्यात येईल, ती अनोळखी धातूपासून करू नये. अभियांत्रिकीचे विद्यार्थी बाहा एसएईइंडिया स्पर्धेसाठी गाडी बनवतात. तिच्या चालकाला वाचवणाऱ्या पिंजऱ्याच्या मुख्य नळ्यांसाठी नियमात 25 मिलिमीटर व्यास, 3 मिलिमीटर जाडी किंवा त्याच्या बरोबरीचे बळ आणि किमान 0.18 टक्के कार्बन सांगितलेला आहे, आणि त्याचा पुरावा द्यावा लागतो. दिसायला तशीच नळी दानात आली तरी प्रमाणपत्राशिवाय ती पिंजऱ्यात बसत नाही. ती जोडाईच्या सरावाला मात्र उत्तम. झोके, शिड्या, माळ्याचे आधार यांनाही हाच नियम लावावा.

काही वस्तू तर दारातूनच परत पाठवाव्यात. बंद ड्रम आणि टाक्या कापू नयेत. आतल्या उरल्यासुरल्या वाफेचा स्फोट होतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्डिंग केला तर त्या धुराने अंग तापते, थंडी वाजते. तो बोल्टने किंवा रिव्हेटने जोडावा. स्टेनलेसचे वेल्डिंग मोकळ्या हवेत, धूर ओढून घेण्याची सोय असेल तरच करावे. लोखंड घासायच्या चाकावर अॅल्युमिनियम कधीही घासू नये: ते चाकाच्या खाचांत भरते आणि दोन्हींची भुकटी एकत्र येऊन पेटू शकते.

थोडक्यात

■ आधी ओळख, मग कल्पना: रंग, चुंबक, पाणी, ठिणगी, कानस.
■ चुंबक चिकटला म्हणून स्टेनलेस खोटे ठरत नाही. चिकटला नाही म्हणून ते 304 ठरत नाही.
■ आकार राखा: पाइपाचा स्वर, जाळीची जाळी, तुकड्याचा त्रिकोण.
■ पाइपाचा वरचा सा = लांबीच्या 0.707 पट; टांगण्याची जागा = टोकापासून 22.4 टक्के.
■ जीव अवलंबून असेल तिथे प्रमाणपत्राचाच धातू.
■ पत्रा हाताळताना हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि सर्व काठ घासलेले, याशिवाय काम सुरू नाही.

कारखानदारांना एक विनंती

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांबरोबर शिकण्याची वाट दाखवली आहे. भाईंदरमध्ये त्यासाठी लांब जायला नको. शिकवू शकतील असे हात गल्लीच्या टोकाला आहेत आणि साहित्य त्यांच्या पायाशी पडले आहे.

पण पत्र्याचा तुकडा कारखान्यातून बाहेर पडताना त्याची सर्वांत मोलाची गोष्ट मागे राहते, ती म्हणजे त्याची माहिती. तुमच्या शेडमध्ये कोणता पत्रा 304 आहे, कोणता 202, कोणता 430, हे तुम्हाला बिलावरून ठाऊक असते. पोत्यात सगळे मिसळले की ते ज्ञान पुसले जाते आणि मुलांना ते अंदाजाने पुन्हा शोधावे लागते. म्हणून दान करताना एवढेच करा: ग्रेडप्रमाणे पोती वेगळी बांधा, मार्करने ग्रेड आणि जाडी लिहा, वजनाची चिठ्ठी जोडा आणि संस्थेकडून पोच घ्या. भेट दिलेल्या मालावर जीएसटीचे इनपुट क्रेडिट मिळत नाही, तेव्हा आधी आपल्या हिशेबनिसाशी बोला. आणि शक्य असेल तर पोत्याबरोबर तुमचा एखादा अनुभवी कारागीर तासभर शाळेत पाठवा. पोत्यावरची चिठ्ठी आणि तो एक तास मिळाला, तर त्याच किलोभर पत्र्याची किंमत भंगाराच्या भावापेक्षा कितीतरी मोठी होते.